‘डबल’ इंग्रजीत लिहिताना आधी बघा: पट की पुन्हा?

पाऊस बरा होता, तरी मामाचं सोयाबीन उगवलंच नाही. बियाण्याच्या कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहायला मला बसवलं. “लिही बाबू, डबल पेरा लागलं,” मामा म्हणे, म्हणजे पुन्हा पेरावं लागलं. मी ‘डबल क्रॉप’ ठोकून दिलं. त्याचा अर्थ एकाच वावरात वर्षाला दोन पिकं, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. नुकसान सांगायला गेलो अन् कागदावर दोन पिकांचा धनी झालो!

म्हणून पहिलं काम, वाक्यातला ‘डबल’ काढून तिथे ‘दुप्पट’ घालून बघा. बसला, तर इंग्रजीतही डबल चालेल. लॅटिनमधला ‘डुप्लस’ जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्यात दोनाची पट आहे. आपण मात्र ‘डबल सांग’, ‘डबल ये’ म्हणतो तेव्हा ‘पुन्हा’च म्हणायचं असतं. तिथे ‘अगेन’ लिहा. दुबार पेरणीला ‘रीसोइंग’ हा नेमका शब्द आहे.

दुप्पट बसला की शब्दांचा क्रम सांभाळा. ‘दुप्पट किंमत’ला ‘डबल द प्राइस’. इथे डबल ‘द’च्या आधी येतो. खेपा मोजायच्या असतील तर डबल नको, ‘ट्वाइस’ घ्या: मी दोनदा गेलो, ‘आय वेंट ट्वाइस’.

मग आकडा तपासा. इथे शिकलेलेही घसरतात. एकरी 30 किलो बियाणं धरलं, तर मामाच्या 2 एकरांना 60 किलो. दुबार पेरणीत आणखी 60 गेलं, एकूण 120. बियाणं दुप्पट लागलं, पण वाढ 100 टक्केच. ‘200 टक्के वाढ’ लिहिलं की 180 किलो होतात, म्हणजे तिप्पट, आणि तक्रार वाचणारा तिथेच बोट ठेवतो.

‘डबल’चं क्रियापद करताना शेवटी ‘आयएनजी’ लावलं की स्पेलिंगमधला ‘ई’ गळतो. बाकी काही नाही.

फोनवर खातेनंबर सांगताना ‘डबल थ्री’ म्हणजे 33. पण समोरच्यानं एकच तीन लिहिला, तर एक आकडा कमी भरतो. माझ्या मते तिथे इंग्रजी ऐट सोडावी अन् सरळ ‘तीन, तीन’ म्हणावं. मामा तसंच सांगतो, त्याचा नंबर आजवर चुकला नाही.