विलापस्तोत्राच्या आधाराने प्रार्थना कशी करावी

संकटात प्रार्थनेला शब्दच सुचेनासे झाले, तर बायबलमधील स्तोत्रसंहिता या पुस्तकातील तेरावे स्तोत्र उघडावे; ते विलापस्तोत्र, म्हणजे देवापुढे दुःख मांडणारे स्तोत्र आहे. दावीद राजाच्या नावे असलेल्या या अवघ्या 6 वचनांत तक्रार, विनवणी आणि भरवसा अशा तीन पायऱ्या आहेत. पहिली दोन वचने मोठ्याने वाचावीत आणि त्यांतील ‘कोठवर?’ हा प्रश्न आपल्या आजारपणाचे, कर्जाचे किंवा वियोगाचे नाव घेऊन देवापुढे मांडावा. देवाकडे गाऱ्हाणे करणे म्हणजे अविश्वास, असे अनेक घरांत मानले जाते, पण मला ते पटत नाही. प्रभू येशूने स्वतः वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचे आरंभीचे गाऱ्हाण्याचे शब्द, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, उच्चारले होते.

मग मधल्या दोन वचनांप्रमाणे एकच नेमकी मागणी करावी आणि ती तारीख घालून वहीत लिहावी. शेवटची, भरवशाची वचने ओठांवर येत नसतील तर घाई करू नये. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. अशा दिवशी ती वचने चर्चच्या मंडळीतील एखाद्या स्नेह्याने वाचावीत आणि आपण केवळ ऐकावीत. झोप आणि भूक उडाली असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटावे.