कोकोस बेटावर हॅमरहेड बघायचे असतील तर

हॅमरहेड म्हणजे हातोडीसारख्या डोक्याचा शार्क, आणि स्कुबा डायव्हिंग करून तो बघायची जागा म्हणजे कोकोस बेट. हे बेट कोस्टारिकाच्या किनाऱ्यापासून जवळपास ५५० किलोमीटर आत, पॅसिफिकमध्ये आहे. तिथे विमानतळ नाही, हॉटेल नाही, रेंजर लोक सोडले तर वस्तीच नाही, त्यामुळे जायचा मार्ग एकच, पुंतारेनासहून लाइव्हअबोर्ड बोट पकडायची आणि ३०-३६ तास समुद्रातून जायचं. बेटावर रात्री राहता येत नाही, जेवण-झोप सगळं बोटीवर. आता पाण्यात कुणाला काही झालं तर हॉस्पिटल किती लांब पडेल याचा विचार करा, म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की इथे शिकायला जाऊ नका, शिकून जा.

ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर (डायव्हिंगचा पुढच्या पातळीचा कोर्स) आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा वापरायचा कोर्स) ही दोन कार्डं करूनच घ्या. पण खरी तयारी करंटमधल्या, म्हणजे पाण्याच्या जोरदार प्रवाहातल्या डायव्हची. तीस मीटरवर खडकाला धरून शांत बसता येतं का, निळ्या पाण्यात खाली तळ दिसत नसताना, पकडायला दोरी नसताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबता येतं का, पाण्यातूनच स्वतःचा एसएमबी (आपण कुठे आहोत ते बोटीला दाखवणारा फुगा) वर सोडता येतो का? यातलं एक जरी डळमळीत असेल तर आधी दुसरीकडे वीस-तीस डायव्ह करा आणि मग पैसे भरा, ट्रिप महाग आहे आणि दहा दिवस जातात, तिथे पोचून गटाच्या मागे धापा टाकण्यात अर्थ नाही.

सीझनचं म्हणाल तर जून ते नोव्हेंबर पावसाचा, समुद्र खवळलेला असतो, पण हॅमरहेडचे मोठे थवे बघायचे असतील तर हाच काळ चांगला मानतात. डिसेंबर ते मे समुद्र बराच शांत आणि पाणी जास्त स्वच्छ. ज्यांना बोट लागते त्यांनी दुसरा काळ बघावा, आणि कुठल्याही सीझनला गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. वर पाणी २६-२८ डिग्री असलं तरी खाली थर्मोक्लाइन (जिथून पाणी अचानक थंड होतं तो थर) लागला की एकदम थंडी वाजते, तर ५ मिमीचा वेटसूट आणि हूड घ्याच.

आता मुख्य गोष्ट. हॅमरहेड लाजाळू असतात. ते बाहो अल्सिओने, डर्टी रॉक अशा ठिकाणी क्लीनिंग स्टेशनला येतात, म्हणजे बार्बरफिश नावाचे छोटे पिवळे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी खाऊन टाकतात. बाहो अल्सिओने हा पाण्याखालचा डोंगर, माथाच २५ मीटरच्या आसपास. पांगा म्हणजे छोट्या बोटीतून मागे उलटी उडी मारायची, करंट असेल तर वर रेंगाळायचं नाही, सरळ खाली जायचं, खडकाचा मोकळा भाग धरायचा (प्रवाळ नाही, आणि समुद्री साळू कुठे बसलाय ते आधी बघायचं), आणि थांबायचं. श्वास हळू, लांब. बुडबुड्यांच्या आवाजाने ते वळून जातात, आणि तुम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे पोहत गेलात तर तुमच्यासकट सगळ्या गटाचा डायव्ह गेला. मी पहिले दोन डायव्ह असेच घालवले आणि अजून वाईट वाटतं, तिसऱ्याला नुसतं बसून राहायचं ठरवलं तर एक मादी इतकी जवळून गेली की तिच्या अंगावरचे व्रण मोजता आले असते.

बसून राहण्यात एक धोका आहे, वेळ कळत नाही. ३० मीटरला हवेवर नो-डेको मर्यादा (वर येताना जादा थांबे न घेता खाली राहता येईल तेवढा वेळ) साधारण २० मिनिटांचीच, नायट्रॉक्स ३२ वर (३२ टक्के ऑक्सिजन) थोडी जास्त मिळते पण मग ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, समोर काहीही दिसत असलं तरी. मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर दर दोन मिनिटांनी बघा.

वर येताना जोडीदार सोडू नका. २०१७ मध्ये कोकोसलगतच्या मॅनुएलिटा या छोट्या बेटाजवळ वर येताना टायगर शार्कच्या हल्ल्यात एका डायव्हरचा जीव गेला होता. अशा घटना फार कमी होतात, तरी टायगर दिसला तर एकत्र राहा, त्याच्याकडे तोंड करून राहा, घाईने वर पळू नका. करंटने दूर गेलात तर एसएमबी सोडा आणि शिट्टी वाजवा, आणि बोटीवर जीपीएसवाला रेडिओ देत असतील तर तो कसा चालवायचा ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

नियमांची कुरकुर करू नका प्लीज. १९७८ पासून हे नॅशनल पार्क आहे, १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, आणि २०२१ मध्ये संरक्षित समुद्र वाढवून जवळजवळ ५५ हजार चौरस किलोमीटर केला. हे हॅमरहेड आज अतिसंकटग्रस्त यादीत आहेत, पार्कच्या हद्दीबाहेर गेले की जाळ्यात सापडतात. शिंपला उचलू नका, कासवाला हात लावू नका, मासे पकडायचा तर विषयच नाही.

परतीच्या प्रवासाचा फायदा असा की विमानाआधी जे किमान १८ तास थांबायचं असतं ते बोटीवरच निघून जातात. तरी परतीचं तिकीट बोट पोचायच्या दिवसाचं काढू नका, समुद्र वाईट असेल तर उशीर होतो, एक दिवस मध्ये ठेवा.