पहिली सहा पुस्तकं कोणती काढायची?

प्रकाशन सुरू करणारे बहुतेक जण पहिल्या वर्षी एकाच जातीची पुस्तकं काढतात. स्वतः कवी असले तर चार कवितासंग्रह, कादंबऱ्यांचे नादी असले तर चार कादंबऱ्या. पुस्तकं वाईट नसतात, पण आठव्या महिन्यात छापखान्याचं बिल थकतं, कारण चारही पुस्तकांची विक्री एकदमच उसळते आणि एकदमच बसते. यादीत कथा-कादंबरीबरोबर कथेतर पुस्तकं हवीत ती शोभेसाठी नव्हे. दोन्हींचा पैसा वेगवेगळ्या चालीने येतो, म्हणून हवीत.

नव्या लेखकाची कादंबरी प्रकाशन समारंभ, परीक्षणं आणि लेखकाचा गोतावळा यांच्या जोरावर पहिल्या चार-सहा महिन्यांत जायची तेवढी जाते. त्यानंतर एखादा पुरस्कार मिळाला किंवा अभ्यासक्रमात लागली तरच पुन्हा हलते. सातबारा समजावणारं पुस्तक, मधुमेहींचा आहार, गच्चीवरची बाग, एखाद्या तालुक्याचा इतिहास यांना समारंभात टाळ्या मिळत नाहीत, पण महिन्याला दहा-पंधरा प्रती निमूटपणे उचलल्या जातात. यातही फरक आहे. इतिहास आणि चरित्र शिळं होत नाही. कायदा, कर आणि सरकारी योजनांवरचं पुस्तक एका शासन निर्णयाने रद्दीत जातं. अशा विषयांच्या एका वेळी ३०० प्रती पुरे.

सहा पुस्तकांच्या वर्षाला झेपणारी मांडणी अशी: दोन मूळ कथा-कादंबऱ्या, एक अनुवाद, एक उपयोगाचं आणि एक चरित्र किंवा इतिहासाचं पुस्तक, आणि सहावं तुमच्या आवडीचं, म्हणजे ज्यात पैसे परत येणार नाहीत हे आधीच मान्य केलेलं. मुलांचं रंगीत पुस्तक पहिल्या वर्षी टाळा. पानं कमी म्हणून ते स्वस्त वाटतं, पण चार रंगांची छपाई आणि चित्रकाराचं मानधन ५०० प्रतींवर बसवलं की पालक देतील त्या किमतीत ते मावत नाही.

मिसळ म्हणजे मात्र भेळ नव्हे. 'ग्रंथाली'ने १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा' ही उपेक्षित समाजातली आत्मकथनं काढली, आणि या प्रकाशनाकडे कोणत्या प्रकारचं हस्तलिखित न्यायचं हे लिहिणाऱ्यांना आपोआप कळलं. कादंबरी आणि कथेतर पुस्तक एकमेकांचा वाचक ओढतील असे विषय शेजारी ठेवा: ऊसतोडीवरची कादंबरी असेल तर स्थलांतरावरचं किंवा साखर कारखान्यांवरचं पुस्तक तिच्या मागच्या पानांत जाहिरात म्हणून शोभतं.

आता कागदाचा हिशेब. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची) पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. २४० पानं म्हणजे १५ फॉर्म. २३ × ३६ इंची एका तावातून डेमीची ३२ पानं निघतात, म्हणून एका प्रतीला साडेसात ताव, ५०० प्रतींना ३,७५० ताव, म्हणजे ५०० तावांची एक याप्रमाणे साडेसात रिम. छापखान्याची वाया जाणारी भर वेगळी. छोट्या आवृत्तीत ती टक्केवारीने जास्त असते, कारण मशीन लावताना जाणारे ताव ५०० प्रतींना आणि २,००० प्रतींना जवळपास तेवढेच जातात. मजकूर २४३ पानांवर गेला तर अर्धा फॉर्म वाढतो, पुस्तक २४८ पानांचं होतं आणि पाच पानं कोरी राहतात. ती तीन पानं मांडणीतच आत ओढा, किंवा उरलेल्या पाचांत आपली यादी छापा. हे मुखपृष्ठ तयार व्हायच्या आधी ठरलं पाहिजे, नाहीतर स्पाइनची, म्हणजे पुस्तकाच्या कण्याची, जाडी चुकते आणि पुस्तकाचं नाव कडेला घसरतं. स्पाइनचं माप अंदाजाने देऊ नका. त्याच कागदाची कोरी डमी बांधून मागवा.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेड चालतो. फोटो आरपार दिसत असतील तर ८०. छपाईच्या आधी बाइंडरला एकच प्रश्न विचारा: कागदाचा दाणा, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, स्पाइनला समांतर आहे ना? आडवा असला तर पुस्तक सपाट उघडत नाही, आणि वाचकाने जोर लावला की पानं सुटतात. पावसाळ्यात शाई उशिरा वाळते, फॉर्म एकमेकांना डाग देतात. जुलैत छापायचंच असेल तर वाळण्यासाठी दोन दिवस जास्त धरा. ऑगस्टपासून छापखाने दिवाळी अंकांनी भरलेले असतात, तेव्हा तुमचं ५०० प्रतींचं काम बाजूला पडणार.

किंमत ठरवताना नवखे प्रकाशक हमखास चुकतात. पुढचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. कागद, प्लेट, छपाई, लॅमिनेशन, बांधणी मिळून प्रतीला ९० रुपये. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून ३०,००० रुपये, म्हणजे ५०० प्रतींवर प्रतीला ६०. एकूण १५०. छापील किंमत ३५० ठेवली. वितरकाला ४५ टक्के सूट दिली की हातात १९२ रुपये ५० पैसे येतात. त्यातून लेखकाचं मानधन, छापील किमतीच्या दहा टक्के म्हणजे ३५ रुपये, गेले. उरले १५७ रुपये ५० पैसे. साडेसात रुपये सुटले, असं वाटतं. पण लेखकाच्या, परीक्षणाच्या आणि कायद्याने द्यायच्या अशा ४० प्रती फुकट जातात. ५०० प्रतींचा ७५,००० रुपये खर्च ४६० प्रतींवर वाटला की प्रत १६३ रुपयांना पडते. वितरकामार्फत गेलेली प्रत्येक प्रत साडेपाच रुपये तोट्यात! तीच प्रत वाचकाला थेट २० टक्के सवलतीत २८० रुपयांना दिली, तर मानधन जाऊन २४५ हातात राहतात. ४६० पैकी १५० प्रती थेट आणि बाकी वितरकाकडून गेल्या तर सगळं विकल्यावर दहा हजारांच्या आसपास सुटतात. म्हणून प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी आणि साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनातला गाळा यांना हौस समजू नका. गाळ्याचं भाडं, राहणं, गाडीखर्च मात्र याच हिशेबात धरा.

करार तोंडी करू नका, लेखक कितीही घरचा असला तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच सोपवता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, करारातही तसं काही लिहिलेलं नसलं, तर ते परत जातात. जो प्रकाशक हस्तलिखित दीड वर्ष कपाटात ठेवतो, त्याने हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. ई-पुस्तक, ऑडिओ आणि अनुवाद यांची नावं घालून वेगळे उल्लेख करा. मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष जमेवर, आणि फुकट प्रतींवर ते नाही, हेही लिहा.

हक्कमुक्त लेखकांचा मोह सगळ्यांना होतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतात. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन कुणालाही छापता येतं. पण छापता येतं ते सगळ्यांनाच, त्यामुळे तिथे स्पर्धा फक्त किमतीची असते आणि त्यात मोठी आवृत्ती काढणाराच टिकतो. नवी प्रस्तावना, टिपा, शब्दार्थ असं काही घालणार नसाल तर तिकडे फिरकू नका.

अनुवादाला दोन करार लागतात: एक मूळ हक्कधारकाशी, दुसरा अनुवादकाशी. पहिल्या कराराचं घड्याळ सही झाल्या दिवसापासून चालू होतं आणि त्यात अमुक महिन्यांत पुस्तक काढण्याची अट असते. अनुवादालाच सात-आठ महिने जातात, म्हणून अनुवादकाने वीस पानांचा नमुना दिल्याशिवाय सही करू नका. नॉर्वेच्या साहित्यासाठी नोर्ला, जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूट, फ्रेंचसाठी 'टागोर' प्रकाशन साहाय्य योजना अर्थसाह्य देतात. अर्ज पुस्तक छापायच्या आधी करायचा असतो.

कथेतर पुस्तकाला कादंबरीच्या दुप्पट वेळ धरा. फोटोंची परवानगी, चित्रपटगीतांच्या ओळी उद्धृत केल्या असतील तर त्यांची परवानगी, आणि नकाशे! भारताची बाह्य सीमा चुकीची छापणं हा गुन्हा आहे, म्हणून इंटरनेटवरून उचललेला नकाशा कधीही लावू नये. नामसूची पानं पक्की झाल्यावरच करा. आधी केली तर एका परिच्छेदाच्या बदलाने सगळे आकडे सरकतात.

अक्षरजुळणीतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. लेखकाची जुनी फाइल श्रीलिपीसारख्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलली की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं आणि 'तऱ्हा'ची 'तर्हा'. 'र्या' शोधून सगळीकडे एकदम बदलून टाकू नका. 'पर्याय', 'मर्यादा', 'कार्यालय' यांतही 'र्या' आहे आणि तिथे ते बरोबर आहे. एकेक ठिकाण थांबून बघावं लागतं. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिपी नीट जुळवणारा पर्याय) निवडला नसेल तर जोडाक्षरं फुटतात, आणि भाषा मराठी लावली नसेल तर काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार रंगांचा काळा राहिला तर बारीक अक्षराभोवती झाक दिसते. तिसऱ्या प्रुफात फक्त दुरुस्त ओळी बघून भागत नाही, त्यांच्या खालच्या चार ओळीही वाचा, कारण ओळ सरकली की नवी चूक तिथेच निघते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळतो. पेपरबॅक, पुठ्ठाबांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगळे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची. श्रेयपानावरच्या तारखेकडेही लक्ष ठेवा. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाची मान्य ग्रंथांची यादी कॅलेंडर वर्षाप्रमाणे होते. पुस्तक जानेवारीत आलं आणि पानावर डिसेंबर राहिला, तर ते जन्मतःच एक वर्ष जुनं ठरतं.

दुकानदार, मग तो अप्पा बळवंत चौकातला असो की दादरचा, नव्या प्रकाशकाची पुस्तकं जांगडीवर घेतो: विकली तर पैसे, नाहीतर प्रती परत. यात वावगं काही नाही, पण माल दिल्याचं चलन दोन प्रतींत करा, सही घ्या आणि दर तीन महिन्यांनी स्वतः जाऊन मोजणी करा. मोजणीला न जाणाऱ्याच्या प्रती हरवतात, परत येतात त्या कोपरे मुडपलेल्या. एका दुकानात सुरुवातीला पाचपेक्षा जास्त प्रती ठेवू नयेत. टपालाने पाठवायला मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकात व्यापारी जाहिराती नकोत, पुस्तकांची यादी चालते. त्या पाच कोऱ्या पानांत काय छापायचं याचा हाही एक निकष.

गोदामात ६० प्रती उरल्या की पुन्हा छापायचं का, हे ठरवा, आणि ठरवताना जांगडीवर बाहेर असलेल्या प्रती विकलेल्या धरू नका. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पुस्तकाची एक प्रत 'दुरुस्तीची' म्हणून टेबलावर असावी. वाचकांनी कळवलेल्या चुका त्यात लाल पेनाने टिपायच्या. तेवढ्याच दुरुस्त्या केल्या तर ते पुनर्मुद्रण, आयएसबीएन तोच. मजकूर बदलला, प्रकरण वाढलं, तर सुधारित दुसरी आवृत्ती आणि नवा क्रमांक.