चिठ्ठीवरची औषधं पोटात का जात नाहीत? या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर बिलाचा आकडा ऐकला की माणूस म्हणतो, "सध्या पाच दिवसांच्याच द्या." ताप असेल तर ठीक, बीपीच्या गोळ्यांचे पुढचे पाच दिवस सहसा उजाडतच नाहीत. परवडत नसेल तर डॉक्टरांना तिथेच सांगा. तेच औषध जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळू शकतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या-उपचार मोफत आहेत. ठाण्याचं सिव्हिलही त्यातच येतं.

दुसरं कारण डॉक्टरांच्या लक्षातही येत नाही. धीम्या लोकलने ठाणे ते सीएसएमटी तासभर लागतो आणि डब्यात शौचालय नसतं. सकाळी बीपीसाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी घेऊन गाडीत चढलेल्याची अवस्था कुर्ल्याच्या आधीच बिकट होते. मग गोळी फक्त रविवारी! बायकांची अडचण तर आणखी मोठी. पुढच्या भेटीत बीपी वाढलेलं दिसतं, "गोळ्या घेताय ना?" असं विचारलं की आपण "हो" म्हणतो, आणि डॉक्टर डोस वाढवतात. माझ्या मते औषध चुकवण्यापेक्षा हे "हो" जास्त महागात पडतं. त्याऐवजी सरळ विचारा, "ऑफिसला पोहोचून घेतली तर चालेल का?" बहुतेकदा वेळ बदलता येते. मात्र ती आपल्या मनाने रात्रीवर ढकलू नका, झोपेचं खोबरं होईल.

बरं वाटलं म्हणून बंद करणं ही जुनीच खोड. वाढलेलं बीपी बहुधा जाणवतच नाही, त्यामुळे "बरं वाटतंय" हा पुरावा नव्हे. मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी एकदम थांबवली तर हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखणं उफाळू शकतं. टीबीचा खोकला लवकर कमी होतो, पण साधारण सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक उतरू शकते. चतुर्थी, नवरात्राआधीच डोस विचारून ठेवा.

कंपनी बदलली की नाव बदलतं आणि जुनी-नवी दोन्ही घेतली जातात. ब्रँड वेगळा असला तरी स्ट्रिपवर बारीक अक्षरांत दोन्हीकडे टेल्मिसार्टन हे बीपीचं औषधच असेल, तर घरात एकच ठेवा. खात्री नसेल तर फार्मासिस्टला दाखवा.

पुढच्या वेळी फाइलसोबत सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, उरलेल्या गोळ्यांसकट.