पकडीत असताना हात लांबवला, मग ट्राय का नाही? रग्बी लीगवर वाद घालताना या चुका टाळा

सिडनीत पॅरामॅटा, हॅरिस पार्ककडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं शाळेतून रग्बी लीग घेऊन घरी येतात आणि आईवडिलांनाही त्याची गोडी लागते. मग एखाद्या रात्री घरोघरी तोच वाद रंगतो. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू गोलरेषेच्या हातभर अलीकडे पडतो. दोघांनी त्याला कमरेला धरलेलं असतं. तो हात ताणून चेंडू रेषेपलीकडे जमिनीवर टेकवतो. असं टेकवून गुण मिळवणं म्हणजेच ट्राय. आपण टाळ्या वाजवतो आणि रेफरी ट्राय नाकारून उलट बचाव करणाऱ्या संघाला पेनल्टी देतो. याला डबल मूव्हमेंट म्हणतात. हा नियम खरोखरच गोंधळात टाकतो, पण बहुतेक भांडणं आपण भलताच प्रश्न विचारल्यामुळे होतात.

कबड्डीचा हिशेब इथे लावू नका

कबड्डीत चार जणांनी पकडलेल्या चढाईपटूने जिवाच्या आकांताने बोट मध्यरेषेला लावलं की तो सुटला, वर गुणही मिळाले. पकडीतून रेषा गाठणं हाच तिथला पराक्रम. लीगमध्ये मात्र टॅकल, म्हणजे विरोधकाची पकड, पूर्ण झालं की त्या खेळाडूची धाव तिथेच संपते. त्याने उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवायचा आणि पुढचं टॅकल सुरू करायचं. अशी सहा टॅकल मिळतात. टॅकल झाल्यावर मैदानाच्या मध्यावर कोणी दोन हात पुढे सरपटला तरी ती चोरलेली जमीन असते आणि त्यासाठी पेनल्टी मिळते. डबल मूव्हमेंट हा वेगळा नियम नाही, हाच नियम गोलरेषेजवळ लावलेला असतो. एवढं लक्षात आलं की निम्मा राग शांत होतो, असा माझा अनुभव आहे.

‘चेंडू रेषेपलीकडे गेला का?’ हा पहिला प्रश्न नाही

पहिला प्रश्न असा: तो टॅकल झाला होता का? विरोधी खेळाडूने त्याला धरलेलं असताना चेंडू, किंवा चेंडू धरलेला हात, जमिनीला लागला की टॅकल पूर्ण. गुडघा टेकला म्हणून होत नाही. पाठ टेकली म्हणूनही होत नाही. तो विरोधकाच्या अंगावर पडला असेल आणि चेंडूचा हात अजून अधांतरी असेल, तर त्याने खुशाल हात लांबवावा, ट्राय मिळेल. कोणी धरलेलंच नसेल आणि तो स्वतःच घसरून पडला असेल, तर उठून पुन्हा धावू शकतो. पण तो जमिनीवर पडलेला असताना विरोधकाने त्याच्यावर हात ठेवला की संपलं. म्हणून रिप्लेमध्ये आधी कोपराकडे पाहा, रेषेकडे नंतर. चेंडू कवेत घेतलेल्या हाताचं कोपर जमिनीला लागलं तेव्हा कोणाचा हात त्याच्या अंगावर होता, यावरच अर्धा निकाल ठरतो.

दुसरा प्रश्न: त्यानंतर तो स्वतः हलला, की आधीच्या वेगाने घसरत गेला? नियम सांगतो की टॅकल झालेला खेळाडू स्वतःच्या वेगामुळे घसरत रेषेपलीकडे गेला आणि तिथे चेंडू टेकवला, तर चेंडू आधी अलीकडे जमिनीला लागलेला असला तरी ट्राय ग्राह्य आहे. पावसात ओल्या गवतावर असे ट्राय खूप दिसतात. शरीर एकदा थांबलं आणि मग हात पुढे आला, तर मात्र नाही.

स्लो मोशनचा घोळ इथेच होतो. चित्र इतकं हळू केलं की घसरत जाणारा माणूसही थांबल्यासारखा दिसतो आणि एकसलग हालचालीचे दोन तुकडे वाटू लागतात. कोपर कधी टेकलं हे पाहायला स्लो मोशन हवंच, पण वेग होता की नव्हता हे नेहमीच्या गतीनेच पाहा. फक्त गोठवलेली चौकट दाखवून कोणी तुम्हाला पटवू लागलं, तर पूर्ण चित्रफीत मागा.

युनियनचा नियम लीगला लावणं

मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी वर्षानुवर्षं खेळली जाते, ती रग्बी युनियन, लीगपेक्षा वेगळा खेळ. तिथे रेषेजवळ टॅकल झालेला खेळाडू लगेच हात लांबवून चेंडू टेकवू शकतो. त्यामुळे भारतात खेळलेला माणूस ‘अरे, हे तर चालतं’ असं पूर्ण खात्रीने सांगतो आणि त्याच्या खेळापुरतं ते खरंच असतं. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला रग्बीत फूट पडली आणि १९०६ मध्ये लीगने खेळाडू १३ केले, टॅकलनंतर चेंडू पायाने मागे देण्याची पद्धत आणली. दोन खेळांच्या वाटा तेव्हापासूनच वेगळ्या झाल्या. वाद घालण्याआधी कोणता खेळ चालू आहे ते विचारा.

रेषेचा क्रिकेटी अर्थ

क्रिकेटमध्ये बॅट क्रीजच्या रेषेवर असेल तर फलंदाज बाद. लीगमध्ये गोलरेषा इन-गोलचाच, म्हणजे जिथे चेंडू टेकवून ट्राय मिळतो त्या रेषेपलीकडच्या पट्ट्याचाच, भाग असते, त्यामुळे चेंडू रेषेवर टेकला तरी ट्राय. बाजूच्या रेषेचं मात्र उलट आहे. तिला चेंडू हातात असलेल्या खेळाडूचा बूट जरी लागला तरी तो बाहेर. पण हवेत असलेला खेळाडू बाहेर धरला जात नाही. विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू, कोपऱ्यात अख्खं शरीर मैदानाबाहेर झोकून देतो आणि एका हाताने चेंडू आत टेकवतो, ते यामुळेच शक्य होतं. या खेळात मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

हातातून सुटलेला प्रत्येक चेंडू नॉक-ऑन नसतो

चेंडू हातातून पुढे पडला की तो नॉक-ऑन, म्हणजे दोष. पण २०१२ च्या स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधल्या मालिकेच्या, पहिल्या सामन्यात मेलबर्नला क्वीन्सलँडचा ग्रेग इंग्लिस चेंडू टेकवायला जात होता. तेवढ्यात न्यू साउथ वेल्सच्या रॉबी फाराचा पाय लागून चेंडू त्याच्या हातातून सुटला. इंग्लिसने तो पुन्हा पकडून टेकवला आणि व्हिडिओ रेफरीने ट्राय दिला. फाराने पायाने चेंडू खेळला असं धरलं गेलं, त्यामुळे नॉक-ऑनचा दोष इंग्लिसवर आला नाही. क्वीन्सलँड १८-१० ने जिंकलं. न्यू साउथ वेल्सचे लोक हा निकाल अजून मान्य करत नाहीत. माझ्या मते ‘चेंडू सुटला’ एवढ्यावर अडून बसणं चूक आहे. कोणामुळे सुटला, हे आधी ठरवावं लागतं. फाराचा पाय मुद्दाम गेला का, यावर मात्र प्रामाणिक मतभेद असू शकतो.

दोन्ही संघांच्या खेळाडूंनी इन-गोलमध्ये एकाच क्षणी चेंडू टेकवला, तर ट्राय आक्रमण करणाऱ्याला. यावर वाद नकोच.

मैदानावरचा निर्णय विसरणं

एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेत २०१६ पासून सिडनीतल्या ‘बंकर’ नावाच्या केंद्रातून रिप्ले तपासतात. तिथे प्रकरण पाठवताना रेफरी आधी स्वतःचं मत सांगतो, ट्राय किंवा नो ट्राय. ते बदलायला पुरेसा पुरावा लागतो. त्यामुळे हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन प्रसंगांत वेगळे निकाल येऊ शकतात. ‘गेल्या आठवड्यात दिला होता, आज का नाही?’ असं ओरडण्याआधी दोन्ही वेळा रेफरीने मैदानावर काय म्हटलं होतं, ते आठवा.