गरब्याच्या दिवसांत दंडावरचा ग्लुकोज सेन्सर चुकतो तेव्हा

बडोद्यात नवरात्रात मधुमेहींच्या दंडावर चिकटवलेल्या, सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरवर तीन गोष्टींचा मारा होतो: घाम, बाजूबंद आणि खेळताना झपाट्याने उतरणारी साखर. इन्शुलिन घेणाऱ्याने या दिवसांत एक नियम सोडू नये: सेन्सरचा आकडा आणि शरीर यांचं जुळत नसेल, तर बोटातून तपासल्याशिवाय डोस घ्यायचा नाही. म्हणून ग्लुकोमीटर, स्ट्रिप आणि लान्सेट (बोट टोचायची सुई) सोबत हवेतच.

सेन्सरची बारीक तार रक्तात नसते. ती कातडीखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असते आणि रक्तातली साखर तिथे पोचायला वेळ लागतो. त्यामुळे आकडा 5 ते 15 मिनिटं मागे असतो. घरी बसलेल्या माणसाला हा फरक कळतही नाही. तासभर तीन टाळीचा गरबा खेळलेल्याला कळतो. सेन्सर 95 दाखवतोय आणि साखरेची दिशा दाखवणारा बाण सरळ खाली आहे, तर रक्तात 75 सुद्धा असू शकते. बाण खाली असताना पुन्हा रिंगणात शिरू नका.

70 च्या खाली गेलात तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. पुड्या घरूनच वजन करून बांधून न्या. पंधरा मिनिटांनी बोटातून तपासा, सेन्सरवर नको. तो तेव्हाही 65 च दाखवत असतो, माणूस घाबरून आणखी गोड खातो आणि तासाभरात 250 होते. घाम गरब्याचा की साखर उतरल्याचा, हे मैदानावर अंदाजाने ठरवता येत नाही. शंका आली की तपासा.

तपासण्याआधी हात धुवा. बोटाला जिलेबीचा पाक किंवा फळाचा रस लागला असेल तर मीटरच खोटं सांगेल. मीटर 100 च्या खाली असेल तर सेन्सरशी 20 पर्यंतचा फरक चालतो. 100 च्या वर 20 टक्क्यांपर्यंत. मीटर 180, सेन्सर 150: ठीक आहे. मीटर 82, सेन्सर 55: ठीक नाही. पण एका जोडीवरून निकाल देऊ नका. बाण आडवा असताना, पंधरा मिनिटांच्या अंतराने पुन्हा पाहा. कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटरचा आकडा देऊन सेन्सर जुळवून घेण्याची सोय असली, तरी तेही बाण आडवा असतानाच करावं. साखर पळत असताना केलं तर चूक पक्की होते.

सगळ्यात फसवा असतो पहाटेचा अलार्म. गरब्यानंतर काही तासांनी साखर खरोखर उतरते. सेन्सरच्या कुशीवर झोपल्यानेही आकडा खोटा खाली येतो, कारण दाबामुळे तिथल्या द्रवाची ये-जा मंदावते. आलेख पाहा. दाबाची घसरण कड्यासारखी असते: 110 वरून अचानक 60, आणि कूस बदलली की साधारण पंधरा-वीस मिनिटांत पूर्ववत. खरी घसरण उतारासारखी हळूहळू येते. तरी आलेखावर विसंबून परत झोपू नका. कूस बदला आणि बोटातून तपासा. हात थरथरत असतील आणि मीटर जवळ नसेल, तर आधी ग्लुकोज घ्या.

नवा सेन्सर पहिल्या नोरत्याला (नवरात्राच्या पहिल्या दिवशी) लावू नका. पहिले 24 तास तो कमी भरवशाचा असतो, म्हणून दोन दिवस आधी लावा. जागा साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तेल-क्रीम काही नको. सेन्सरला मध्ये छोटं भोक असेल तर वरून लावलेल्या टेपने ते बुजवू नका. बाजूबंद दुसऱ्या दंडावर घाला. घट्ट बसणारा आरशाचा बाजूबंद सेन्सर दाबतोही आणि नाचताना कडेने उचकटतोही. अर्धवट सुटलेला सेन्सर पुन्हा दाबून बसवण्यात अर्थ नाही, तार जागेवरून हललेली असते. लावताना थेंबभर रक्त आलं तर चालतं. थांबतच नसेल तर काढून दुसऱ्या जागी नवा लावा.

अंगदुखीसाठी काय घेता, हेही पाहा. पॅरासिटॅमॉलने मेडट्रॉनिकच्या गार्डियन सेन्सरचा आकडा खोटा वर जातो. डेक्सकॉम जी6 सेन्सरमध्ये ती सहा तासांत 1 ग्रॅमपर्यंत चालते. लिब्रे 2 सेन्सरला अडचण व्हिटॅमिन सीची: दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या वर गेलं की आकडा वाढतो. चघळायच्या संत्र्याच्या गोळ्या सहसा 500 च्या असतात, म्हणजे दोन घेतल्या की मर्यादा ओलांडली. खोट्या चढ्या आकड्यावर घेतलेलं इन्शुलिन हा या सगळ्यातला सर्वात मोठा धोका आहे.

‘सेन्सर एरर, 10 मिनिटांनी पाहा’ असं आलं तर थांबा. साखर वेगाने बदलताना किंवा सेन्सर फार तापल्यावर हे येतं. तासन्‌तास तेच येत राहिलं, तर सेन्सर काढा, पण फेकू नका. सिरियल नंबर, स्क्रीनचा फोटो आणि मीटर-सेन्सरचे आकडे वेळेसह लिहून कंपनीच्या ग्राहकसेवेला कळवा. बदलून देण्याआधी ते हेच विचारतात आणि कधी कधी जुना सेन्सर परत मागतात.