लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये या चुका टाळा

लेबर रूमची ड्युटी करून एएनएम, जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या मुली हॉस्टेलवर परतल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "आज किती मिळाल्या?" म्हणजे डिलिव्हरी. केसबुक, म्हणजे केलेल्या डिलिव्हरींची नोंदवही, भरायची असते, सह्या लागतात, सगळं खरं. पण पुढच्या बहुतेक चुका याच प्रश्नातून निघतात.

बाळाचं डोकं दिसू लागलं की ग्लोव्हज चढवून धावायचं, बाळ झालं की रजिस्टर नंबर उतरवायचा. बाईचं नावही ठाऊक नसतं. त्यापेक्षा ड्युटीच्या सुरुवातीला दाखल झालेली एक बाई घ्या आणि तिच्याजवळ थांबा. पोटाच्या वरच्या भागावर तळहात ठेवा, घड्याळ समोर ठेवा. दहा मिनिटांत कळा किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली ते मोजा. तिला दुखायच्या आधीच पोट हाताखाली घट्ट व्हायला लागतं. हे वर्गात कितीही सांगितलं तरी हाताला लागल्याशिवाय पटत नाही.

बाळाचे ठोके पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं ही तर रोजचीच गोष्ट. कळ ओसरली की पूर्ण मिनिट मोजा आणि दुसरा हात आईच्या नाडीवर ठेवा. नॉर्मल 110 ते 160. पण आईचीच नाडी 120 असेल आणि तुम्ही तीच मोजत बसलात, तर कागदावर सगळं छान दिसेल.

पार्टोग्राफ, म्हणजे ठोके, कळा आणि गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे वेळेनुसार मांडायचा तक्ता, डिलिव्हरीनंतर भरू नका. असा पार्टोग्राफ लांबूनच ओळखू येतो: दर अर्ध्या तासाला ठोके 140, रेघ अलर्ट लाइनच्या, म्हणजे तक्त्यावरच्या इशाऱ्याच्या रेघेच्या, सुरक्षित डावीकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती लाइन ओलांडली की बाईला पुढे पाठवायची वेळ झाली, हे सांगण्यासाठीच तो कागद असतो. वॉर्डात डब्ल्यूएचओचा 2020 चा लेबर केअर गाइड वापरत असतील, तर त्यात अलर्ट लाइन नाही आणि अ‍ॅक्टिव्ह फेज (तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा) 4 ऐवजी 5 सेंटीमीटरपासून धरतात. कोणता फॉर्म चालतो ते पहिल्याच दिवशी विचारा.

एकाच बाईची पीव्ही (योनीमार्गातून आतली तपासणी) चार जणींनी करणं तर बंदच करा. इन्फेक्शनचा धोका आहे, आणि ती बाई काही डमी नव्हे. "ताई, आतून तपासू का?" एवढं विचारायला वेळ लागत नाही.

वार पडली की मुली पांगतात, आणि खरी भीती तर पुढच्या दोन तासांत असते. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशयाचा घट्टपणा बघा. पॅड कोरडं दिसलं म्हणून निघू नका, कमरेखाली हात घालून बघा. रक्त तिथे साचतं.

सिस्टर हात लावू देत नाहीत? "काही करू का?" असं मोघम विचारलं तर गर्दीत "बाजूला उभी राहा" हेच उत्तर मिळणार. ट्रे लावून ठेवा, फ्रिजमधलं ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावण्यासाठीचं इंजेक्शन) तयार आहे का ते बघा, मग नेमकं विचारा: "सिस्टर, आज तुमच्यासमोर वार मी काढू का?" आकडा भरत नसेल तर पोस्टिंग अर्ध्यावर असतानाच ट्युटरना सांगा, म्हणजे रात्रपाळी किंवा दुसरं सेंटर लावून मिळू शकतं. मैत्रिणीची केस आपल्या केसबुकात मात्र उतरवू नका.